व्हायकिंग: माणूस की मोहीम?

सातवी-आठवीच्या मुलांना 'व्हायकिंग' म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण आठवतं. ती शिंगं रूढ झाली १८७६ साली, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या वेशभूषेमुळे.

स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत 'वीकिंग' म्हणजे समुद्रमोहीम आणि त्या मोहिमेवर जाणारा तो 'वीकिंगर'. मूळ बहुधा 'वीक', म्हणजे खाडी. जमातीचं नाव नव्हेच ते, कामाचं! तिथले बहुतेक लोक बार्ली पिकवत, मेंढ्या राखत, लोकर विणत, हरणाच्या शिंगाच्या फणीने केस विंचरत. शनिवार त्यांचा आंघोळीचा वार, 'लाउगरदागर'. वर्गात सुरुवात इथूनच व्हायला हवी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द पुन्हा उचलला आणि सबंध समाजाला चिकटवला. आइसलँडमध्ये तर २००८च्या आर्थिक पडझडीआधी परदेशी कंपन्या विकत घेत सुटलेल्या उद्योजकांनाही 'व्हायकिंग' म्हणत.