दोष दिसतो तिथे नसतो : व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या बिघाडांचा इतिहास

आजचं व्याख्यान एका जळालेल्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांचा फोन आला. वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, परवापर्यंत सुरेख वाजत होता आणि काल त्यातून धूर निघाला. जाऊन पाहिलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला. सगळ्या संचातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्मीळ वस्तू ती. तिला मारलं कोणी? पेरभर लांबीच्या एका जुन्या कंडेन्सरनं, ज्याच्या जागी नवा घ्यायचा तर एका चहाचे पैसे पुरतात. तो बहुधा कित्येक महिने गळत असणार. पण स्नेही म्हणाले, "आवाजात काहीच फरक नव्हता हो!"

मला हेच वाक्य महत्त्वाचं वाटतं. रोज ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला हा आजार का कळला नाही? याचं उत्तर इतिहासात आहे.

थोडं मागे जाऊ. १९०४ साली जॉन फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरं टोक, म्हणजे ग्रिड घातलं, आणि क्षीण विद्युत लहर मोठी करण्याचा मार्ग सापडला. पण व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो तसा बिघडवतोही. लांबच्या टेलिफोन लाइनवर असे अनेक अँप्लिफायर एकामागून एक लावावे लागत आणि प्रत्येकाचा बिघाड पुढच्यात साठत जाई. बेल प्रयोगशाळेतले हॅरॉल्ड ब्लॅक या प्रश्नाशी झगडत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीवर त्यांना उत्तर सुचलं आणि त्यांनी ते हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढलं. आउटपुटचा थोडा भाग उलट करून परत इनपुटला द्यायचा. याला आपण निगेटिव्ह फीडबॅक म्हणतो. आवाजाची वाढ कमी होते, पण त्याच प्रमाणात बिघाडही कमी होतो.

हीच कल्पना घरातल्या संगीतापर्यंत नीट आणली ती डी. टी. एन. विल्यमसन यांनी. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात त्यांचा आराखडा छापून आला. १५ वॅट, आणि बिघाड ०.१ टक्क्याहून कमी. फीडबॅक २० डेसिबल, म्हणजे मूळ बिघाड साधारण एक दशांशावर. हौशी मंडळींनी ठिकठिकाणी तो घरी बांधला. पुढच्याच वर्षी लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि चांगल्या अँप्लिफायरची गरज आणखी वाढली. १९५३ साली इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या कंपनीनं 'क्वाड टू' बाजारात आणला. आज जगभरात लोक जे जुने संच जपतात, त्यांत हा फार वरचा.

आता मुद्द्यावर येऊ. जो फीडबॅक आवाजातला दोष झाकतो, तो म्हातारपणही झाकतो. ज्यांनी घरी व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकलाय त्यांना आठवत असेल, व्हॉल्व्ह थकला की आवाज बारीक होई, फाटे, आणि घरातले म्हणत, "दुकानात नेला पाहिजे." हायफाय अँप्लिफायर तसं सांगत नाही. एखादा व्हॉल्व्ह अर्ध्यावर आला तरी फीडबॅक उरलेल्या ताकदीतून भरपाई करत राहतो. ती ताकद संपते तेव्हाच कानाला कळतं. म्हणून इथे कान हा एकटा साक्षीदार पुरत नाही. मीटर लागतो.

उदाहरण म्हणून क्वाड टू घेऊ. आत दोन ईएफ८६ व्हॉल्व्ह आवाज तयार करून दोन केटी६६ या मोठ्या व्हॉल्व्हना देतात. मध्ये दोन कपलिंग कंडेन्सर असतात. त्यांचं काम आवाजाची लहर पुढे जाऊ द्यायची आणि आधीच्या टप्प्यावरचा मोठा डीसी दाब अडवायचा. त्या काळी हे कंडेन्सर कागदाचे. कागदात दमट हवा शिरते, वर्षांनी तो थोडा थोडा गळू लागतो. किती गळला तर वाईट? केटी६६ च्या ग्रिडवर ६८० किलोओहमचा रेझिस्टर आहे. फक्त १० मायक्रोअँपिअर गळले तरी ग्रिडवर ६.८ व्होल्ट उभे राहतात, जिथे जवळपास शून्य हवं. तो व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढू लागतो.

आता गंमत बघा. दोन्ही केटी६६ चा कॅथोड रेझिस्टर एकच आहे, १८० ओहमचा. एकानं जास्त ओढलं की कॅथोडचा दाब चढतो आणि दुसरा आपोआप आखडता घेतो. त्यामुळे नुसता कॅथोड मोजला तर आकडा फारसा वेगळा दिसत नाही. म्हणजे इथेही दोष झाकलेला! पण ट्रान्सफॉर्मरच्या एका अर्ध्यातून जास्त प्रवाह जातोय, समतोल बिघडलाय आणि एका व्हॉल्व्हची प्लेट हळूहळू लाल व्हायला लागली आहे.

अशा वेळी लोक काय करतात? नवे व्हॉल्व्ह विकत आणतात. महागाचे. लावतात, चार महिने बरं वाटतं, आणि तोच कंडेन्सर नव्या व्हॉल्व्हलाही खातो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर दाब मोजा. धन दाब मिळाला तर संच बंद करून कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि परत मोजा. दाब गेला तर दोषी कंडेन्सर, राहिला तर व्हॉल्व्ह.

बाकीचे बिघाड त्यामानानं प्रामाणिक असतात, स्वतःहून बोलतात. घूं असा आवाज येत असेल तर तो कोणत्या पट्टीत आहे ते ऐका. १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत, असेल तर पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकलेला असण्याची शक्यता जास्त. ५० हर्ट्झचा, खोल, असेल तर अर्थिंगची जोडणी किंवा व्हॉल्व्हच्या हीटरची गळती बघा. मोटारबोटीसारखा फटफट आवाज आला तर टप्प्याटप्प्यांमधले डिकपलिंग कंडेन्सर तपासा. तडतड होत असेल तर सॉकेटचे पाय साफ करा, जुने कार्बन रेझिस्टर मोजा. त्यांची किंमत वर्षांनी वर चढते. आणि दोन चॅनल असतील तर सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला की व्हॉल्व्हचा, जागीच राहिला की सर्किटचा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो राहू शकतो. मोजून खात्री करा, रेझिस्टरमधून निचरा करा, मग हात घाला. चालू संचात मोजताना एक हात खिशात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा अँप्लिफायर वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो.

आता एक प्रश्न आलाय : "माळ्यावर वीस वर्षं पडलेला संच आहे, लावून बघू का?" थेट लावू नका. आधी कपलिंग कंडेन्सर बदला. मग आपल्याकडचे मेकॅनिक करत आले तसा सिरीज बल्ब लावा, साधा तारेचा १०० वॅटचा, एलईडी नव्हे. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजानं जळत राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

त्या काळचे कारखाने सर्व्हिस पत्रकात सर्किटबरोबर कोणत्या जागी किती व्होल्ट हवेत तेही छापत. त्यांनी गृहीतच धरलं होतं की हा संच कधीतरी कोणीतरी उघडणार आणि दुरुस्त करणार. ते पत्रक मिळवा, त्यातले आकडे आणि तुमच्या मीटरचे आकडे शेजारी लिहा. जिथे फरक पडेल तिथून शोध सुरू करा. माझ्या स्नेह्यांनी वर्षातून एकदा एवढंच केलं असतं, तर वडिलांचा अँप्लिफायर आज वाजत असता.