जुनं तिकीट सापडलं? पाकिटावरून काढू नका

पांढरकवड्यातल्या एखाद्या घरात जुन्या पेटीत राणीचं तिकीट निघालं, की लाखोंचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. पण जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. 1854 ची अर्ध्या आण्याची निळी तिकिटं भरपूर छापली गेली, ती आजही मिळतात. त्याच वर्षीच्या चार आण्याच्या तिकिटावर मात्र लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळं छापलं जाई. त्यात काही कागद उलटे गेले. उलट्या राणीची ही तिकिटं जगात मोजकीच आहेत. मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये 1 जुलै 1852 ला निघालेलं ‘सिंध डाक’ तर लाल लाखेचं, ठिसूळ. बहुतेक फुटूनच गेलं. घरात काही सापडलंच, तर पाण्यात भिजवून सोडवू नका. शिक्क्यासकट अख्ख्या पाकिटाला संग्राहक बहुधा जास्त मोल देतात.