कोविड-१९ : आजाराच्या तीव्रतेचे रक्तातील दर्शक

कोविड-१९ झालेल्या कोणत्या रुग्णाचा ताप घरच्या घरी उतरेल आणि कोणाला ऑक्सिजन लावावा लागेल, याचा अंदाज रक्तातील रोगप्रतिकारक घटक मोजून बांधता येतो. अशा मोजण्याजोग्या घटकांना दर्शक किंवा रोजच्या बोलण्यात मार्कर म्हणतात. यकृतात तयार होणारी काही प्रथिने, पेशींचे निरोप पोहोचवणारी सायटोकाइने, पांढऱ्या पेशींची संख्या आणि काही प्रतिपिंडे या वर्गात मोडतात.

अंदाजाची गरज आजाराच्या चालीमुळे पडते. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे बहुतेकांना सारखीच होतात. फाटा फुटतो तो साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. बहुतेकांची प्रकृती सुधारू लागते. थोड्यांच्या फुप्फुसांत दाह भडकतो आणि श्वास अपुरा पडतो. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटांवर सारखाच ताप घेऊन पडलेल्या दोघांचे पुढे काय होणार, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

या फरकाचे मूळ पुष्कळदा इंटरफेरॉनपर्यंत जाते. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लंडनमध्ये शोधलेले हे प्रथिन विषाणू शिरल्याचा इशारा शेजारच्या पेशींना देते. इशारा वेळेवर गेला तर विषाणूची वाढ लवकर रोखली जाते. तो उशिरा किंवा क्षीण गेला तर विषाणू फोफावतो आणि मग प्रतिकारयंत्रणा उशिराने पण बेफाम जोराने उतरते. मॅक्रोफेज पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी सायटोकाइने सोडतात, त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) तयार करते, रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणजे रुग्णालयात मोजले जाणारे बहुतेक दर्शक आजाराचे कारण सांगत नाहीत, त्याची खूण तेवढी दाखवतात.

सर्वांत स्वस्त खूण साध्या रक्तगणनेत मिळते. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेल्या रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी ६,०००, न्यूट्रोफिल ८२ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के असे आकडे आले, तर एकूण संख्या अगदी नेहमीची दिसते. पण हिशेब केला की लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर केवळ ७२० भरतात. प्रौढात ते सर्वसाधारणपणे हजाराच्या वर असावे लागतात. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर निघते ६.८. निरोगी माणसात ते बहुधा १ ते ३ असते. हे गुणोत्तर चढत जाणे आणि आजार बळावणे यांचा संबंध अनेक देशांतील रुग्णांमध्ये दिसला. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही निघणाऱ्या या आकड्याला महागड्या चाचण्यांच्या गर्दीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही.

सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटते, म्हणून नावात सी. निरोगी माणसात ते लिटरला काही मिलिग्रॅम इतकेच असते. दाह सुरू झाला की ते काही तासांत चढू लागते आणि दाह शमला की तितक्याच चपळाईने उतरते, कारण रक्तातील त्याचा अर्धा साठा सुमारे १९ तासांत संपतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार अधिक बोलका ठरतो. लठ्ठ व्यक्तींमध्ये ते एरवीही थोडे जास्त असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इंटरल्यूकिन-६ हा या साखळीतील वरचा दुवा. त्याचे जनुक जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सू किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये वेगळे केले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील १,४८४ रुग्णांच्या २०२० मधील पाहणीत दाखल होताना मोजलेले इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-आल्फा (आणखी एक सायटोकाइन) हे दोन्ही, वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही, मृत्यूच्या धोक्याशी जोडलेले आढळले. याच काळात ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द घरोघरी पोहोचला, पण आकडे त्याला फारशी साथ देत नाहीत. गंभीर कोविडमध्ये इंटरल्यूकिन-६ ची एकत्रित सरासरी मिलिलिटरला सुमारे ३७ पिकोग्रॅम निघाली. कर्करोगावरील कार-टी उपचारानंतर उसळणाऱ्या सायटोकाइनांच्या प्रतिक्रियेत ती याच्या जवळजवळ शंभरपट असते. कोविडमध्ये हा आकडा धोक्याची सूचना देतो, पण वादळ म्हणावे इतका तो उंच नसतो.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन दाहातही वाढते. डी-डायमर हे खरे तर रोगप्रतिकारक दर्शक नव्हे. तो रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा आहे. पण वूहानमधील दोन रुग्णालयांच्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात दाखल होताना तो मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून अधिक असणे मृत्यूशी ठळकपणे जोडले गेले आणि तेव्हापासून तो याच यादीत बसला.

या सर्वांहून वेगळा दर्शक म्हणजे इंटरफेरॉनविरोधी स्वप्रतिपिंडे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांमध्ये ती एकाही व्यक्तीत नव्हती. काही जणांचे संसर्गापूर्वीचे रक्त उपलब्ध होते, त्यातही ती आढळली. म्हणजे हा दर्शक आजाराची खूण नसून आजार बळावण्याच्या कारणांपैकी एक आहे, आणि तत्त्वतः तो ताप येण्याआधीच मोजता येतो. त्याची चाचणी मात्र मोजक्या प्रयोगशाळांपुरतीच राहिली.

दर्शकाचा खरा कस लागतो तो त्याच्यावरून उपचार ठरवताना. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली गेलेल्या (किंवा ऑक्सिजन लावलेल्या) आणि सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक असलेल्या ४,११६ रुग्णांवर टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ ला रोखणारे औषध आजमावले गेले. २८ दिवसांतील मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. ग्रीस आणि इटलीतील एका चाचणीत सूपार हे प्रथिन मिलिलिटरला ६ नॅनोग्रॅम किंवा अधिक असलेल्यांना ॲनाकिन्रा हे दाहविरोधी औषध दिल्यावर लाभ झाला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निर्णय मात्र कोणत्याही रक्तचाचणीवर नव्हे, ऑक्सिजन लागतो की नाही यावर ठरला. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना या औषधाचा उपयोग झाला नाही.

दर्शकांना फसवणारे प्रसंगही आहेत. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडवते, त्यामुळे यकृताला निरोप पोहोचत नाही आणि सीआरपी कोसळते. रुग्ण बरा होतो आहे असे त्यावरून समजणे चूक. मागाहून जडलेला जिवाणूसंसर्गही अशा वेळी सीआरपीत दिसत नाही. उलट इंटरल्यूकिन-६ रक्तातच साचून त्याचा आकडा चढतो, आणि अहवाल हाती घेतलेले नातेवाईक घाबरतात.

दुसरी अडचण गणिताची. समजा, हजार बाधितांपैकी ५० जणांचा आजार गंभीर होणार आहे आणि चाचणी गंभीर होणाऱ्यांना व न होणाऱ्यांना प्रत्येकी ८० टक्के अचूक ओळखते. ती ४० जणांना बरोबर हेरेल, पण न बिघडणाऱ्या ९५० पैकी १९० जणांनाही धोक्यात टाकेल. धोक्यात दाखवलेल्या २३० जणांपैकी प्रत्यक्षात आजार बळावेल असे सहापैकी एकापेक्षा किंचितच जास्त. सौम्य रुग्णांत सरसकट चाचण्या करणे यामुळेच व्यर्थ ठरते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, इंटरल्यूकिन-६ यांची ‘पॅकेजे’ साधा ताप असलेल्यांनीही करून घेतली, सोबत २५ पैकी गुण देणारा छातीचा एचआरसीटी स्कॅन. भारताच्या उपचारसूचनांत सीआरपी आणि डी-डायमर मध्यम व गंभीर रुग्णांसाठी होते. सौम्य रुग्णाने पाहायचा तो श्वासाचा वेग आणि बोटावरचा ऑक्सिमीटर. सहा मिनिटे चालून ऑक्सिजन घसरतो का पाहण्याची बिनखर्चाची चाचणी याच काळात राज्यात रुळली.

एकेका दर्शकावर न विसंबता अनेक गोष्टी एकत्र तोलणारी गुणपत्रके अधिक टिकाऊ ठरली. ब्रिटनमधील ‘४ सी’ या गुणपत्रकात वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धी, युरिया आणि सीआरपी या आठ गोष्टींना मिळून ० ते २१ गुण देतात. १५ आणि त्याहून अधिक गुण असलेल्या गटात ६२ टक्के रुग्ण दगावले, ३ पर्यंत गुण असलेल्यांत सुमारे १ टक्का. आठांपैकी रोगप्रतिकारक दर्शक एकच, यावरून या दर्शकांचे एकूण वजन कळते. घाईत बांधलेल्या इतर पद्धतींची गत बरी नव्हती: एप्रिल २०२० मधील आढाव्यात तपासलेल्या ३१ प्रारूपांपैकी प्रत्येकात पूर्वग्रहाचा मोठा धोका आढळला. शिवाय धोका ठरवणाऱ्या आकड्यांच्या या साऱ्या मर्यादा लस न घेतलेल्या, विषाणू प्रथमच अंगात शिरलेल्या लोकांवरून ठरल्या होत्या. लसीकरण आणि ओमायक्रॉननंतर गंभीर रुग्णांचे प्रमाण घटले, तेव्हा त्याच सीआरपीच्या आकड्यामागचा धोकाही तितका राहिला नाही आणि गुणपत्रके नव्याने जुळवण्याची गरज पडली.