तंबोऱ्याचं माप कुठे असतं?

मंडळी, पिंपळगाव बसवंतला येऊन द्राक्षांऐवजी तंबोऱ्यावर बोलायचं, म्हणजे जरा धाडसच. पण तंबोराही शेतातच सुरू होतो, बरं का.

आधी थोडं युरोपकडे बघू. ल्यूट हे तिकडचं जुनं तंतुवाद्य. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, शेजारी शेजारी चिकटवून त्याची फुगीर पाठ करतात. थिऑर्बो हा त्याचा लांब मानेचा भाऊ. त्याच्या खर्जाच्या तारा बोटाने दाबायच्या नाहीत, मोकळ्याच छेडायच्या, आपल्या तंबोऱ्यासारख्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वाद्यं मागे पडली आणि कारागीरही संपले. 1893 साली लंडनमध्ये आर्नल्ड डोलमेच यांनी पुन्हा ल्यूट बांधला, तेव्हा शिकवायला उस्ताद नव्हता. जुनी वाद्यं हाच गुरू. त्यातही फसगत अशी, की सोळाव्या शतकातल्या लॉक्स मालरच्या नावाजलेल्या ल्यूटना पुढच्या पिढ्यांनी नव्या माना बसवल्या होत्या. मूळ माप शोधायचं कुठे?

आता मिरजेला या. तिथे हा धागा तुटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट सांगतात: हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसत चालला होता, आणि संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले. तलवारी गेल्या आणि तंबोरे आले, असं आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. मला त्यातली दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. गवयाचं बिघडलेलं वाद्य उघडायचं, आत बघायचं, पुन्हा बांधायचं. डोलमेच यांना संग्रहालयात जावं लागलं; मिरजेत जुना नमुना स्वतःच दुकानात चालत यायचा!

शिवाय इथे कागदावरचा नकाशा फार कामाचा नाही. भोपळा पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठी पिकतो. कडू जातीचा, खायचा नव्हे. तो वेलावर नीट बसून वाढला पाहिजे, पुढे महिनोन्महिने वाळला पाहिजे. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून तबली आणि दांडी त्या भोपळ्याच्या अंगाने जुळवायची. तुम्ही बागायतदार आहात; अवेळी पाऊस पडला की काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगणार? तिकडे भोपळा गेला, तर मिरजेत हात असून काम नाही.

आणि शेवटी जवारी. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीने इतका हलका घासायचा, की तार त्याला निसटती चाटून जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नाद खुलतो ती जागा शोधायची. धार लावणाऱ्याची नजर इथे उपयोगी पडली असेल, हा आपला माझा अंदाज. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. 1937 साली वारल्यावर त्यांचं दफनही मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. अशा सुरेल कानाचा माणूस गावात असताना कच्ची जवारी खपणार कशी?

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. आता गावाचं नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. पण रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला आहे, मोबाइलमध्येही आला आहे, आणि त्याला जवारी काढावी लागत नाही. दुरुस्तीला वाद्यंच आली नाहीत, तर पोरगा शिकणार कशावर? मिरजेत गेलात तर सतारमेकर गल्लीत जरूर डोकवा. जवारी चालू असेल, तर मध्ये बोलू नका. कारागीर ऐकत असतो.