पारवा ते ‘होळी’ : एका एकाकी विद्यार्थ्याची पार्श्वभूमी

लेखकाचे चरित्र आणि त्याने निर्मिलेले पात्र यांचा संबंध शोधताना समीक्षेत दोन परस्परविरुद्ध दोष संभवतात. चरित्रातील प्रसंग कलाकृतीत जसाच्या तसा शोधणे, हा पहिला. आणि चरित्र सर्वस्वी गैरलागू मानणे, हा दुसरा. महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या एकांकिकेच्या अभ्यासात हे दोन्ही टाळणे अगत्याचे आहे.

एलकुंचवार यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९३९ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी झाला. पारवा पांढरकवड्याच्या परिसरातले. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा मुलूख कापसाचा. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलुगू भाषेचा प्रदेश लागतो. ‘वार’ या प्रत्ययाने संपणारी अनेक आडनावे या भागात आढळतात, ती या सान्निध्याची खूण होय. एलकुंचवारांचे घराणेही मूळचे तेलुगू आणि जमीनदार. तथापि त्या काळी खेड्यातील सधन घरांनाही मुलांच्या शिक्षणासाठी शहराकडेच पाहावे लागे. त्यामुळे वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी आईवडिलांपासून दूर जावे लागले. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेऊन ते इंग्रजीचे एम. ए. झाले व धरमपेठेतील महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

१९६७ मध्ये त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त प्रसिद्ध झाली आणि विजया मेहता यांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९६९-७० च्या सुमारास त्यांनी ‘होळी’ व ‘सुलतान’ यांचे दिग्दर्शन केले. १९८४ मध्ये केतन मेहता यांनी ‘होळी’वर हिंदी चित्रपट काढला. एकांकिकेतील घटना थोड्या आहेत. महाविद्यालय होळीची सुट्टी नाकारते. वसतिगृहातील मुलांचा असंतोष विध्वंसाचे रूप घेतो. आणि नावे सांगितल्याच्या रोषातून आनंद या सोबत्याची ते क्रूर विटंबना करतात. अखेर तो आत्महत्या करतो.

आनंद म्हणजे एलकुंचवार, असे समीकरण मांडणे अर्थातच अयोग्य ठरेल. परंतु त्याच्या एकाकीपणाचे स्वरूप पाहता चरित्राचा उजेड उपयोगी पडतो. आनंद माणसांवाचून एकटा नाही, तो माणसांच्या गर्दीत एकटा आहे. ज्याच्याकडे परतावे असे घर रंगभूमीवर कुठेच नाही. वसतिगृहाने घराची जागा घ्यावी, तर तेथे छप्पर आहे, आश्रय नाही. लहानपणीच घर सुटलेल्या लेखकाला ही पोकळी बाहेरून कल्पावी लागली नसावी. शिवाय ‘होळी’च्या वेळी तो स्वतः अध्यापक होता. म्हणूनच कदाचित छळ करणारी मुले केवळ खलप्रवृत्तीची ठरत नाहीत. तीही आपापल्या घरापासून तुटलेली आहेत, आणि त्यांची दखल घ्यायला संस्थेला सवड नाही.

या वाचनाला ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाने पुष्टी मिळते. विदर्भातील देशपांड्यांच्या त्या वाड्यात प्रभा ही मुलगी बुद्धिमान असूनही तिला पुढील शिक्षणासाठी घराबाहेर जाऊ दिले गेले नाही. ती वाड्यात राहिली आणि तेथेच एकाकी झाली. ज्या जमीनदारी समाजव्यवस्थेने मुलांना शिक्षणासाठी दूर धाडले, तिनेच मुलींना त्याच शिक्षणापासून दूर ठेवले. जाणाऱ्याचे घर सुटले, राहणारीचे आयुष्य खुंटले.

सारांश, पारव्याच्या पार्श्वभूमीतून आनंदच्या आत्महत्येचे कारण सापडत नाही. ते एकांकिकेच्या घटनाक्रमातच पाहिले पाहिजे. पार्श्वभूमीमुळे स्पष्ट होते ते इतकेच, की ग्रामीण विदर्भातील एका पिढीने शिक्षणासाठी मोजलेली किंमत केवळ पैशांची नव्हती. ‘होळी’चा विचार वसतिगृहातील बेशिस्तीचे चित्र एवढ्यापुरताच केला, तर ही किंमत नजरेआड होते.