एकोणसाठ पौंडांचे तिकीट

एअर डेक्कन २००३ साली आली तेव्हा स्वस्त विमानप्रवास ही आपल्याला नवलाईची गोष्ट वाटली. पण जुन्या कंपन्या नवख्याला कशा सामोऱ्या जातात, याचा धडा त्याआधी पंचवीस वर्षे अटलांटिकवर गिरवून झाला होता.

फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९७१ मध्ये ‘स्कायट्रेन’चा परवाना मागितला. कल्पना आगगाडीसारखी : आगाऊ आरक्षण नाही, त्याच दिवशी रांगेत उभे राहून तिकीट घ्यायचे, जेवण हवे तर वेगळे पैसे. त्या काळी मोठ्या कंपन्या आपापसांत बसून भाडी ठरवीत. साहजिकच पहिला अडसर आकाशात नव्हे, सरकारी कचेरीत आला. दिलेला परवाना ब्रिटिश सरकारनेच अडवला. लेकर कोर्टात गेला आणि १९७६ मध्ये जिंकला. २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिले विमान लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाले. भाडे ५९ पौंड!

अडवता आले नाही, तेव्हा जुन्यांनी दुसरा उपाय केला. पॅन ॲम, टीडब्ल्यूए, ब्रिटिश एअरवेज यांनी काही थोड्या जागा जवळपास लेकरच्याच भाड्यात विकायला काढल्या. बाकीच्या जागांचे भाडे होते तसेच. एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून काढण्याची सोय त्यांच्याकडे होती, लेकरकडे नव्हती.

लेकरच्याही चुका होत्याच. त्याने भराभर विमाने घेतली, कर्ज डॉलरमध्ये होते आणि १९८१ मध्ये पौंड घसरला. नेमके त्याच वर्षाअखेर मोठ्या कंपन्यांनी भाडी आणखी उतरवली. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर एअरवेज बंद पडली. हळहळून कितीतरी सामान्य लोकांनी तिला वाचवण्यासाठी पैसे पाठवले. पण तेवढ्याच पैशात पॅन ॲममध्ये जागा मिळते म्हटल्यावर तिकडे वळलेले प्रवासीही सामान्यच होते. आणि लेकर गेल्यावर भाडी पुन्हा वर चढली.

कंपन्यांनी संगनमताने गळा घोटला, असा दावा अमेरिकेत दाखल झाला. १९८५ मध्ये तडजोड झाली : देणेकऱ्यांसाठी सुमारे ४.८ कोटी डॉलर, लेकरला ८० लाख. त्यामुळे खरेखोटे कोर्टात ठरलेच नाही. मात्र १९८४ मध्ये त्याच वाटेने व्हर्जिन अटलांटिक आली होती, आणि १९९१ मध्ये खुद्द पॅन ॲम बंद पडली.

मोठी कंपनी भाडे उतरवते ते बहुधा आपल्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, शेजारी कोणी नवखा उभा असतो म्हणून. दाबोळी किंवा मोपाचे स्वस्त तिकीट काढताना एवढे ध्यानात ठेवावे. नवखा गेला, की त्याची किंमत पुढच्या तिकिटावर छापून येते.