आटपाट नगरातील राण्या

श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत त्यांना आटपाट नगर ठाऊकच आहे. त्या नगरात एक राजा असतो, आणि त्याला बहुधा दोन राण्या असतात. एक आवडती, दुसरी नावडती. महालक्ष्मीच्या कहाणीत त्यांना पाटमाधवराणी आणि चिमादेवराणी अशी नावे तरी मिळाली. एरवी नावावाचूनच काम भागते. राजाची मर्जी बसली ती आवडती, उठली ती नावडती, एवढीच काय ती त्या बायांची ओळख. नावडती राणी असो की नावडती सून असो, तिच्या वाट्याला उष्टे अन्न नि जाडेभरडे वस्त्र येते. मग ती कुठला तरी वसा घेते, उतत नाही, मातत नाही, आणि देव प्रसन्न होतो. येथे माझ्यासारख्या मास्तरणीचे कान टवकारतात. कारण प्रसन्न झालेला देव तिला राज्य देत नाही, राजाची मर्जी तेवढी परत देतो.

मी फर्दापूरची. शाळेत शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. आमच्या गावाहून अजिंठ्याची लेणी अवघी दोन कोसांच्या आत. देशोदेशींचे प्रवासी आमच्या फाट्यावर आपल्या मोटारी उभ्या करतात आणि तेथून बसने लेण्यांकडे जातात. त्यामुळे इतर गावांतील मुलांना राजकन्या पुस्तकात भेटतात, आमच्या मुलांना त्या भिंतीवर भेटतात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि वाघुर नदीच्या वळणावरील ही लेणी बाहेरच्या जगाला कळली. पुढे साहेब लोकांनी चित्रांच्या नकला केल्या, वर्णने छापली, आणि ज्या ज्या सुंदर स्त्रीचा ठावठिकाणा लागेना तिला ते राजकन्या म्हणू लागले. पहिल्या लेण्यातील सावळी ती ‘कृष्णवर्णी राजकन्या’ आणि सोळाव्यातील मान टाकलेली ती ‘मरणोन्मुख राजकन्या’. पहिलीचे खरे नाव अद्याप सापडलेले नाही. दुसरीचे सापडले. ती सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ जो नंद त्याची बायको. नवरा भिक्षू झाला, त्याचा मुकुट तेवढा सेवकाने परत आणला, तो पाहून ती कोसळली आहे. मरत वगैरे काही नाही. पण नाव एकदा चिकटले ते चिकटले.

एका वर्षी सहलीला मुलांना घेऊन या चित्रापुढे उभी असता पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, राजाचं काम राज्य करणं. हिचं काम काय होतं?” मी तिला काय सांगितले ते महत्त्वाचे नाही. प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले, आणि त्याच्या मागोमाग जुनी पुस्तके चाळू लागले. अद्भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी राजकन्यांना काय काम दिले हे पाहावे, एवढाच हेतू होता.

पहिल्याच लेण्यात महाजनक जातकाची चित्रे आहेत. त्या कथेतील शीवली ही मिथिलेची राजकन्या. बाप मरताना सांगून गेला की जो हिला पसंत पडेल, चौकोनी पलंगाची उशाकडची बाजू ओळखील, धनुष्य चढवील आणि पुरलेले सोळा खजिने शोधील त्याला राज्य द्या. सेनापती उमेदवार म्हणून आला. शीवली म्हणाली, लवकर ये. तो लवकर आला. म्हणाली, गच्चीवर धाव; तो धावला. म्हणाली, पाय चेप. तो बसला चेपायला. तिने त्याच्या छातीवर लाथ मारून त्याला उताणे पाडले आणि दासींकरवी मानगूट धरून बाहेर घालवले. जो कुणाच्याही हुकमाने धावतो तो राज्य काय करणार, हे तिने चार वाक्यांत ओळखले. राजकारणाची इतकी चोख परीक्षा मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेली नाही. आणि पुढे? पुढे महाजनक येतो, तिच्या बोलावण्याला धूप घालत नाही, आपल्या चालीने येतो, आणि त्याच्या तेजाने दिपून शीवली आपण होऊन हात पुढे करते. येथून ती शहाणी बाई नुसती बायको होते. नवऱ्याला वैराग्य येते, ही त्याला अडवते, रडते, मागोमाग चालते. भिंतीवर डोळ्यांत भरते ती हीच शीवली. राजाशेजारी बसलेली, पुढे नर्तकी, वाद्ये, आणि राजाचे लक्ष मात्र केव्हाच दुसरीकडे गेलेले. चित्र अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण लाथ मारणारी शीवली चितारायला कुणी ब्रश उचलला असता तर मला अधिक आनंद झाला असता.

सतराव्या लेण्यात याची दुसरी बाजू दिसते. तेथे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा उजव्या भिंतीवर पसरली आहे. गलबत फुटून सिंहल आणि त्याचे सोबती ज्या बेटावर लागतात तेथे सगळा स्त्रियांचा कारभार. गोड बोलणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या, घर मांडून देणाऱ्या या सुंदरी खऱ्या राक्षसिणी. सिंहल एका दिव्य घोड्यावर बसून निसटतो. त्याची राक्षसीण मूल कडेवर घेऊन त्याच्या राजधानीत येते, हा माझा नवरा असे सांगते. राजा तिच्या रूपाला भुलून तिला महालात ठेवतो आणि सकाळी महालावर गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. पुढे लोक सिंहलालाच राजा करतात आणि तो हत्ती-घोडे घेऊन त्या बेटावर स्वारी करतो. बायकांनी चालवलेले राज्य म्हणजे माणसे खाणारे राज्य, अशी ही समजूत.

ती समजूत भिंतीवरच राहिली नाही. आपल्याकडे घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ वाचला जातो. धुंडीसुत मालूने तो शके १७४१ मध्ये, म्हणजे स्मिथसाहेब लेण्यांत शिरला त्याच वर्षी, पुरा केला. त्यातही स्त्रीराज्य आहे. मैनाकिनी ही तेथली राणी. मच्छिंद्रनाथ तेथे जाऊन संसारात रमतात, आणि शिष्य गोरक्षनाथ येऊन गुरूला सोडवून नेतो. मैनाकिनी राक्षसीण नाही, उलट प्रेमळ आहे. पण तिच्या राज्यातून सुटणे हाच पुरुषार्थ. स्त्रीराज्यात करवसुली कशी होई, तंटे कोण तोडी, विहिरी कुणी खोदल्या, हे विचारण्याचे कुणालाच सुचत नाही. माझी आजी पोथी वाचताना येथे थांबून हळूच हसे. का, ते तिने कधी सांगितले नाही.

आता ज्या राजांच्या काळात ही चित्रे काढली गेली त्यांच्याकडे वळू. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. तसा शिलालेख तेथे आहे आणि त्यात राजांची वंशावळ आहे. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. हरिषेणानंतर हे मोठे राज्य पाहता पाहता लयाला गेले. या पडझडीचे पडसाद दंडी कवीच्या ‘दशकुमारचरित’ या अद्भुत कथांच्या ग्रंथातील विश्रुताच्या गोष्टीत उमटले आहेत, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले, आणि अजिंठ्यासाठी सारे आयुष्य वेचणारे अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक यांनी त्यावर आपला कालक्रम उभा केला. सर्वच विद्वानांना तो मान्य आहे असे नाही. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

विदर्भाचा राजा अनंतवर्मा व्यसनी. अश्मकाच्या राजाने कपटाने त्याचा घात केला. राणी वसुंधरा लहान मुलगा भास्करवर्मा आणि मुलगी मंजुवादिनी यांना घेऊन माहिष्मतीला नवऱ्याच्या सावत्र भावाकडे, मित्रवर्म्याकडे, आश्रयाला गेली. त्याची नजर वाईट. त्याला तिने झिडकारले आणि मुलाच्या जिवाला धोका पाहून त्याला एका विश्वासू सेवकाबरोबर रानात धाडले. रानात त्यांना विश्रुत भेटतो. तो राणीला निरोप पाठवतो: मुलगा वाघाने खाल्ला अशी आवई उठव, दिराला होकार कळव, आणि विषाच्या पाण्यात भिजवलेली माळ त्याच्या छातीवर व तोंडावर मारून म्हण, की मी पतिव्रता असेन तर हा तुला तलवारीचा घाव होवो. वसुंधरा तसे करते. दीर मरतो. मग तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात धुऊन ती मुलीच्या गळ्यात घालते. मुलीला काही होत नाही. लोक थक्क होतात. केवढी ही सती!

दंडी मोठा लबाड लेखक आहे. चमत्कार कसा घडला हे त्याने वाचकाच्या कानात सांगितले आहे; फसतात ते कथेतील लोक. विधवा राणीने गादी बळकावू पाहणाऱ्याला विष घालून मारले, असे नगरात सांगितले असते तर तिला राक्षसीण ठरवले असते. पातिव्रत्याने मारले म्हटल्यावर तिची पूजा झाली. हे दंडीला पक्के ठाऊक होते. पण त्यानेही एक गोष्ट तिला दिली नाही. धाडस वसुंधरेचे, हात वसुंधरेचा; युक्ती मात्र विश्रुताची. आणि शेवटी मंजुवादिनीशी लग्न होऊन अर्थातच बक्षीसही विश्रुतालाच.

आम्हा मराठी लेखकांचा तर या राजकन्यांशी नावाचाच संबंध आहे. इंग्रजी धर्तीच्या दीर्घ कथेला आपण ‘कादंबरी’ म्हणतो ते बाणभट्टाच्या ग्रंथावरून, आणि बाणाची कादंबरी ही गंधर्वांची राजकन्या. म्हणजे कसलीही कथा असो, गिरणगावातल्या चाळीची की दुष्काळाची, तिच्यावर शिक्का एका राजकन्येचा! आपल्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी हे अक्षरशः पाळले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, पाठोपाठ नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. मुखपृष्ठावर नाव नायिकेचे. आत त्या काळच्या नायिकांनी संकटात पडायचे, मूर्च्छित व्हायचे, आणि शेवटच्या प्रकरणात सुटायचे. आमच्या आज्या-पणज्यांना त्या फार आवडत, आणि त्यात वावगे काही नाही. दिवसभर चुलीपुढे बसणाऱ्या बाईला निदान मूर्च्छित होण्याची तरी चैन पुस्तकात मिळे.

परंतु वसुंधरेच्या त्याच विदर्भात, त्याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेत, आणि अजिंठ्याच्या या चित्रांपूर्वी जेमतेम पाऊणशे वर्षे, एक विधवा राणी खरोखर होऊन गेली. तिला कुणी विश्रुत भेटला नाही. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ती मुलगी, आई नागकुळातील कुबेरनागा, नवरा वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन. नवरा लवकर वारला. मुले लहान. रामटेकजवळचे आजचे नगरधन म्हणजे त्या वेळचे नंदिवर्धन. तेथून प्रभावतीने मुलाच्या नावाने राज्य चालविले. पुण्याच्या ताम्रपटावर तेरावे वर्ष घातले आहे, म्हणजे निदान तितकी वर्षे तरी कारभार तिच्या हाती होता.

हा ताम्रपट मुळातून समजून घेण्यासारखा आहे. दान साधे आहे. चनालस्वामी नावाच्या आचार्याला दंगुण गाव दिले. पण लेखाचा आरंभ सासरच्या वंशावळीने होत नाही. तो होतो माहेरच्या, गुप्तांच्या वंशावळीने. गोत्र सांगितले आहे तेही धारण, बापाचे. लग्न होऊन इतकी वर्षे झालेली बाई सरकारी कागदावर माहेरचे गोत्र लावते, हे वाचून आमच्या शाळेतील एका वयस्क सहकाऱ्यांना बराच वेळ बोलवेना. मुद्रेवर मात्र ती स्वतःला युवराजाची माता म्हणवते, आणि ही आज्ञा शत्रूंना शासन करणारी आहे असे बजावते. बापाचा दरारा आणि मुलाचा हक्क या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती उभी आहे. तेथे उभे राहून तिने गावे दिली, हुकूम काढले. पुढे दुसरा मुलगा प्रवरसेन गादीवर बसल्यावरही, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने स्वतःच्या नावाने दान दिले. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूरला मिळाला. त्यात ती शंभराहून अधिक वर्षे जगल्यासारखे शब्द आहेत. विद्वान त्याचा अर्थ निरनिराळा लावतात. तांब्यालाही थोडे अद्भुत लागतेच!

विदर्भाच्या राजकन्या म्हटल्या की दमयंती, रुक्मिणी, इंदुमती, लोपामुद्रा ही नावे आपल्या ओठांवर येतात. महानुभावांच्या महदाइसेने आपल्या धवळ्यांत गायिली तीही रुक्मिणीच, आणि महदाइसेचा त्याच ऋद्धपूरशी निकटचा संबंध. पण त्या भूमीत जिचा ताम्रपट पडून होता त्या राणीवर धवळा नाही, ओवी नाही, कहाणी नाही. शीवलीला जातक मिळाले, वसुंधरेला दंडी मिळाला, मैनाकिनीला मालू मिळाला. प्रभावतीला ना माळ विषाची, ना रूप राक्षसिणीचे, ना सोडवणारा घोडेस्वार. कथेकऱ्याला पकडायला तिच्यात काही सापडले नसावे. तेरा वर्षे नीट कारभार केला, यावर रात्र कशी जागवायची?

पुण्याचा ताम्रपट एका तांबटाच्या घरी पिढ्यान् पिढ्या राहिला होता. तांबटाच्या घरी तांबे! एखाद्या लग्नसराईत घागरी-बंबाचे काम अंगावर आले असते तर ते पत्रे भट्टीत जायला किती वेळ लागला असता? पण त्या घराने ते मोडीत काढले नाहीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते अभ्यासकांच्या हाती आले, आणि वाकाटकांचा काळ ठरवायला पहिला भक्कम आधार मिळाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१५ ते २०१८ या काळात, नगरधनला राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केले. त्यात मातीचा एक लंबगोल ठसा निघाला. वजन सात ग्रॅमही नाही. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव. असे ठसे पत्राच्या किंवा गाठोड्याच्या दोरीवर ओल्या मातीत उमटवीत, वाटेत कुणी उघडू नये म्हणून. दोरी कुजून गेली, पत्रही गेले. राणीचे नाव असलेला मातीचा तुकडा तेवढा सोळाशे वर्षे नगरधनच्या जमिनीत होता.